पाटोवरचं ग्रंथालय: एका मुद्रितशोधकाचा अभिप्राय

आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. पणजीत पाटो भागात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. जुने कागद बसून, शांतपणे वाचणाऱ्या माणसाला याच्याइतकी सोयीची जागा आमच्या टापूत दुसरी नाही. नवी कादंबरी घरी नेऊन आठवड्याने परत करायची असेल, तर मात्र आपल्या गावचं वाचनालय बरं. तिथला माणूस तुम्हाला नावाने ओळखतो आणि ‘हे नको, ते न्या’ असंही सांगतो. पाटोला हा घरगुतीपणा मिळत नाही, आणि मला त्याची अपेक्षाही नव्हती.

मी सावंतवाडीचा. छापखान्यात मुद्रितं तपासण्यात आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर डोळे शाबूत राहिले आणि काम संपलं, म्हणून गोव्यातली जुनी मराठी वर्तमानपत्रं बघायचा नाद लागला. शेजारी म्हणतात, “पणजेक जावन पुस्तकां वाचतंस? लोक थंय येगळ्या कामाक जातत!” त्या येगळ्या कामाचा आणि या ग्रंथालयाचा संबंध पुढे सांगतो, कारण तो खरोखरच आहे.

पोचायला सोपं. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत गाडी पणजीच्या कदंबा स्टँडवर सोडते, आणि तिथून ग्रंथालय चालत. पाटो म्हणजे बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या आणि पार्किंगसाठी फिरणाऱ्या गाड्या. भाग म्हणून मला काही आवडत नाही. खाडी ओलांडली की फोंतैन्यश या जुन्या वस्तीतली रंगीत घरं आहेत, आणि ग्रंथालय नेमकं अलीकडच्या काचेच्या इमारतींत आहे. पण जागा तशी ऐतिहासिकच. पणजीला रायबंदरशी जोडणारा लिन्यारिशचा लांबलचक पूल सतराव्या शतकातला, १६३० च्या दशकात बांधलेला, आणि तो इथूनच सुरू होतो. आजही त्यावरून वाहनं जातात.

आता मूळ गोष्ट. हे ग्रंथालय १५ सप्टेंबर १८३२ रोजी सुरू झालं. तेव्हाचं नाव ‘पुब्लिका लिव्हरारिया’. सुरू करणारा व्हाइसरॉय दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु. पणजी शहर ज्याने खऱ्या अर्थाने उभं केलं, दलदल बुजवली, रेतीचे ढीग सपाट केले, रस्ते आखले, तोच हा माणूस. शहर अजून धड उभं नव्हतं, राजधानी म्हणून त्याला अधिकृत दर्जा मिळायला १८४३ उजाडायचं होतं, आणि त्याआधी अकरा वर्षं तिथे ग्रंथालय होतं. वाचक कोण होते? प्रामुख्याने लष्करी शाळेतले विद्यार्थी आणि अधिकारी. ‘सार्वजनिक’ म्हणायचं ते त्या काळाच्या मानाने.

छापखान्यातल्या माणसाला यात एक गोष्ट जास्त टोचते. आशिया खंडातला युरोपीय पद्धतीचा पहिला छापखाना गोव्यात आला, १५५६ साली. ज्या मातीत खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, पहिल्यांदा उतरले, त्याच मातीत १७५४ मध्ये छपाईला बंदी झाली, आणि ती उठायला १८२१ उजाडलं. सदुसष्ट वर्षं पोर्तुगीज गोव्यात एक ओळ छापली गेली नाही. याच काळात तिकडे कलकत्ता, श्रीरामपूर, मुंबई इथे छपाई सुरू होऊन भरभराटीला आली. म्हणजे १८३२ ला ग्रंथालय निघालं तेव्हा गोव्याकडे स्वतःची छापील पुस्तकं फारशी नव्हतीच. मग कपाटं भरली कशाने?

भरली ती पाद्रींच्या पुस्तकांनी. पोर्तुगालमध्ये यादवी झाली, उदारमतवादी जिंकले आणि १८३४ मध्ये त्यांनी धार्मिक संघच बरखास्त केले. वर्षभरात तो हुकूम गोव्यात लागू झाला. जुन्या गोव्यातले मोठमोठे मठ रिकामे झाले, आणि मठांतल्या ग्रंथसंग्रहांचा काही भाग या नव्या ग्रंथालयात आला. १८३६ पासून नाव झालं ‘बिब्लिओतेका पुब्लिका’. आज दुर्मिळ विभागात लॅटिन धर्मशास्त्राचे जाडजूड ग्रंथ दिसतात, त्यांच्यामागे असा राजकीय इतिहास आहे. माझ्या उपयोगाचे ते नाहीत, पण कातडी बांधणी आणि हाताने केलेला कागद बघायला मी दर वेळी थांबतो. चारशे वर्षांच्या पावसाळ्यात, वाळवी आणि कसर यांच्या राज्यात तो कागद टिकला. आमच्या छापखान्यात पन्नास वर्षांपूर्वी वापरलेला कागद आज हातात घेतला तर पापडासारखा मोडतो.

या ग्रंथालयाच्या इतिहासात एक माणूस मला फार आवडतो, आणि त्याच्याबद्दल आपल्याकडे मराठीत फारसं कोणी बोलत नाही. जुआकीं एलिओदोरु द कुन्य रिव्हारा. १८५५ मध्ये तो गोव्याचा मुख्य सचिव म्हणून आला. त्याआधी पोर्तुगालमधल्या एव्हुरा शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाचा तो ग्रंथपाल होता. राज्यकारभाराच्या खुर्चीत चक्क ग्रंथपाल बसल्यावर जे व्हायचं तेच झालं. त्याने जुन्या दप्तरातली कागदपत्रं संपादून खंडांमागून खंड छापले, टॉमस स्टीफन्स या जुन्या पाद्रीचं कोंकणी व्याकरण १८५७ मध्ये पुन्हा छापून काढलं, आणि दुसऱ्याच वर्षी कोंकणी भाषेच्या इतिहासावर स्वतंत्र निबंध लिहिला. १६८४ मध्ये याच पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा मोडून काढायचा हुकूम काढला होता. दीडशे-पावणेदोनशे वर्षांनी त्यांचाच मोठा अधिकारी त्या धोरणावर कठोर टीका करणारा निबंध लिहितो आणि तो सरकारी छापखान्यात छापला जातो. कागदावर कागद चढत जातो तो असा.

पुढची नावं भराभर सांगतो, कारण नावं बदलण्याचा गोव्यातल्या सरकारांना भारी शौक. १८९७ मध्ये ‘राष्ट्रीय ग्रंथालय’ असा दर्जा मिळाला. १९२५ मध्ये ते वास्को द गामा संस्थेला जोडलं आणि नावातही वास्को द गामा आला. १९५९ मध्ये पुन्हा वेगळं काढून ‘गोव्याचं राष्ट्रीय ग्रंथालय’ केलं. दोनच वर्षांनी, डिसेंबर १९६१ मध्ये, पोर्तुगीज सत्ताच संपली आणि मग ते सेंट्रल लायब्ररी झालं. आता कृष्णदास शामा. पण एकाही नव्या सत्तेने आधीच्या सत्तेची पुस्तकं बाहेर फेकली नाहीत, हे मला विशेष वाटतं. पाटी बदलली, कपाटं राहिली. पुस्तकाच्या आतल्या पानावरचे शिक्के बघा. मुद्रितशोधकाच्या नजरेला ते पटकन कळतात: जुन्या पद्धतीच्या स्पेलिंगचा शिक्का असेल तर पुस्तक १९११ च्या पोर्तुगीज शुद्धलेखन सुधारणेच्या आधी दाखल झालेलं असण्याची शक्यता जास्त. एकाच पुस्तकावर तीन-तीन राजवटींचे शिक्के एकमेकांच्या अंगावर बसलेले मी पाहिलेत.

नव्या इमारतीत येण्याआधी ग्रंथालय आझाद मैदानाच्या कडेला होतं, पोलीस मुख्यालय ज्या लांबलचक जुन्या इमारतीत आहे तिच्याच एका टोकाला, म्हणजे आजच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेत. पाटोला जायच्या आधी किंवा नंतर तिथे अवश्य डोकवा. प्रवेशद्वाराशी भिंतींवर निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आहेत, पोर्तुगीज कवी कामोईंशच्या महाकाव्यातल्या प्रसंगांची. जोर्ज कुलासु या पोर्तुगीज चित्रकाराने १९३५ मध्ये केलेली. वास्को द गामाची गौरवगाथा सांगणाऱ्या भिंती, आणि त्याच संस्थेला आता नाव लुईश द मेनेझिस ब्रागांझा यांचं, ज्यांनी आयुष्यभर पोर्तुगीज हुकूमशाहीविरुद्ध लेखणी चालवली. फरशा कोणी उखडल्या नाहीत, हे बरं केलं. खरं सांगायचं तर वाचायला बसावं असं वातावरण त्या जुन्या जागेत जास्त आहे. पण तिथे गळणाऱ्या पावसाळ्यात पुस्तकं ठेवायची, की पाटोच्या बंदिस्त, थंड दालनात, असा प्रश्न असेल तर माझं मत पाटोला.

आता येगळ्या कामाची गोष्ट. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कर नाही. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता करावर ग्रंथालयासाठी उपकर बसतो. आपल्याकडे सरकार अ, ब, क, ड अशी प्रतवारी लावून अनुदान देतं, आणि बाकी गाडा वर्गणी, देणग्या आणि कार्यकारिणीतल्या चार-पाच झिजलेल्या माणसांच्या जिवावर चालतो. गोव्याने १९९३ मध्ये स्वतःचा कायदा केला तेव्हा ग्रंथालयांसाठी अधिभार लावला, तो विदेशी पद्धतीच्या दारूवर आणि बिअरवर! हे वाचल्यापासून मी शेजाऱ्यांना सांगतो: शनिवार-रविवारी तुम्ही गोव्यात जाऊन जे करता, त्यातून कुठल्यातरी मुलाच्या पुस्तकाला हातभार लागतो, तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका. ते म्हणतात, मग अजून एक घेऊ.

गंमत सोडली तर फरक खोल आहे. आमच्याकडचं ग्रंथालय हे गावाचं असतं. सावंतवाडीचं श्रीराम वाचन मंदिर १८५२ पासूनचं, म्हणजे संस्थानी काळापासून लोकांनी सांभाळलेलं. तिथे वर्गणी भरणारा माणूस हक्काने भांडतो. दिवाळी अंक उशिरा आले की तक्रार करतो, वार्षिक सभेत उभा राहतो. पाटोचं ग्रंथालय राज्याचं आहे. नोकरी असलेला कर्मचारी, ठरलेली तरतूद, मोठी इमारत. भांडणारा सभासद इथे दिसत नाही, आणि त्याने काहीतरी उणं राहतंच. पण एक गोष्ट सरकारीपणामुळेच होते: जुनं जपलं जातं. आमच्या बाजूच्या एका वाचनालयात (नाव घेत नाही) मी मासिकांचे जुने अंक शोधायला गेलो, तर जागेअभावी ते रद्दीत गेल्याचं कळलं. वाईट वाटलं, पण दोष तरी कोणाला द्यायचा? अनुदान पगाराला पुरत नाही तिथे बांधणीला पैसे कुठून यायचे?

‘भारतातलं सर्वांत जुनं सार्वजनिक ग्रंथालय’ असं पणजीचं वर्णन ठिकठिकाणी वाचायला मिळेल. रत्नागिरीकरांना हे सांगून बघा. त्यांचं नगर वाचनालय १८२८ चं, चार वर्षांनी थोरलं. कलकत्त्याची पब्लिक लायब्ररी १८३६ ची. मुंबईची एशियाटिक त्याहून जुनी, १८०४ ची, पण ती विद्वानांची सोसायटी. मला विचाराल तर हा वाद व्याख्येचा आहे. ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या घाटाची आपली जुनी वाचनालयं साहेब अधिकारी आणि गावातले प्रतिष्ठित यांनी वर्गणीवर उभी केली. पणजीचं सत्तेने काढलं. सरकारने स्थापलेलं, सरकारने चालवलेलं आणि आजतागायत अखंड असलेलं म्हणाल तर पणजीला मान द्यावा लागेल. लोकांनी चालवलेलं म्हणाल तर रत्नागिरीला. आणि फुकट, सर्वांसाठी, गावोगावी ग्रंथालय ही कल्पना खऱ्या अर्थाने राबवली ती यातल्या कोणीच नाही, ती सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात, १९१० नंतर, अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल आणून.

कृष्णदास शामा हे नाव मात्र मला मनापासून पटतं. केळशीचा हा कवी. १५२६ मध्ये त्याने ‘कृष्णचरित्रकथा’ रचायला घेतली, भागवताच्या दशम स्कंधावर, मराठी ओव्यांत. म्हणजे एकनाथांच्याही आधी. त्या काळची गोव्यातली हस्तलिखितं आज कुठे आहेत? पोर्तुगालमधल्या ब्रागा शहरात. पाद्रींनी इथल्या लोकांची भाषा शिकण्यासाठी ती रोमन लिपीत उतरवून घेतली आणि तेवढ्यामुळे ती वाचली. मूळ पोथ्या इथे राहिल्या त्या बहुतेक जळाल्या किंवा कुजल्या. केळशीच्या कवीच्या नावाचं ग्रंथालय पणजीत, आणि त्याच्या काळचा मजकूर समुद्रापलीकडच्या ग्रंथालयात. मराठी की कोंकणी हा गोव्यातला जुना वाद मी इथे काढत नाही. ज्याला काढायचा असेल त्याने आधी त्या ओव्या वाचाव्यात.

मी काय वाचतो ते सांगतो म्हणजे कोणाला जायचं ते कळेल. १९१० मध्ये पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं आणि गोव्यातल्या हिंदूंना पहिल्यांदा बरोबरीचे हक्क मिळाले. त्यानंतर काही वर्षांतच शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं यांची लाट आली. गोविंद पुंडलीक हेगडे देसाई यांचं ‘भारत’ त्या लाटेतलं, १९१२ पासूनचं. मराठी आणि पोर्तुगीज दोन्ही भाषांत. त्या माणसाने सरकारविरुद्ध इतकं लिहिलं की खटल्यांवर खटले झाले. मी मजकूर वाचतो तसा खिळाही वाचतो. मराठी मजकुराचे खिळे मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याच्या वळणाचे वाटतात, पोर्तुगीज बाजूचे वेगळ्याच घाटाचे. एकाच पानावर दोन खिळेजुळाऱ्यांचे हात दिसतात, आणि मराठी बाजूला जोडाक्षरांच्या चुका कमी. त्या अनामिक माणसाला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

पोर्तुगीज मला येत नाही. सुरुवातीला वाटलं, इथे येऊन काय उपयोग. पण वर्तमानपत्राची पोर्तुगीज ठरावीक असते. जहाजांच्या वेळा, लिलाव, मृत्यूच्या बातम्या, कोमुनिदादच्या, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक, जमिनींच्या जाहिराती. शब्दकोश हाताशी घेऊन बसलं की तारखा, गावं, आडनावं सुटायला लागतात. ज्यांचं मूळ गोव्यात आहे आणि दोन-तीन पिढ्यांपूर्वी कोकणात किंवा मुंबईला आले, त्यांनी आपल्या गावाचं नाव घेऊन इथे एकदा बसावंच. बऱ्याच जुन्या पोर्तुगीज वर्तमानपत्रांच्या डिजिटल प्रती ग्रंथालयाने करून ठेवल्या आहेत, त्यामुळे पिवळं पान उलटताना तुकडा हातात येण्याची भीती नाही. मला स्वतःला पडद्यावर तासभर वाचलं की डोळे दुखतात, पण मूळ कागद वाचवायचा असेल तर हाच मार्ग.

कर्मचाऱ्यांबद्दल: नेमकं विचारा, नेमकं मिळतं. ‘जुनं काहीतरी दाखवा’ म्हणालात तर समोरचा बिचारा काय दाखवणार? मला एका बाईंनी विचारलं, “तुमकां खंयच्या वर्साचें जाय?” आणि मी वर्ष सांगितल्यावर त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वर्षाचाही बांधीव खंड काढून ठेवला, कारण बातमी डिसेंबरची असेल तर पुढच्या जानेवारीत तिचा पाठपुरावा सापडतो. ही अक्कल कुठल्या अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

लहान मुलांचा विभाग स्वतंत्र आहे आणि तो खरोखर मुलांसाठी केलेला आहे, म्हणजे कोपऱ्यात दोन कपाटं ठेवून पाटी लावलेली नाही. नातवंडं बरोबर असतील तर त्यांना तिथे सोडून तुम्ही वर जाऊ शकता, फक्त कोणीतरी मोठं सोबत ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुलं सगळ्याच सरकारी ग्रंथालयांत असतात तशी इथेही असतात, सकाळी लवकर येऊन जागा धरतात. त्यांच्यावर नाक मुरडणारे लोक मला आवडत नाहीत. घरी टेबल नसलेल्या मुलाने कुठे बसावं?

उणं काय? मराठी नव्या पुस्तकांची निवड मला सरासरी वाटली. आजूबाजूला चांगला चहा मिळायची मारामार, त्यासाठी खाडी ओलांडून शहरात जावं लागतं, आणि एकदा भाजी-पाव खायला गेलं की परत यायचा कंटाळा येतो. गाडी घेऊन येणाऱ्याने पार्किंगची आशा सोडावी. आणि गोव्याबाहेरच्यांनी पुस्तक घरी न्यायचा विचार न करता बसून वाचायच्या तयारीने यावं.

जाताना ओळखपत्र, पेन्सिल, कोरी वही आणि पोर्तुगीज-इंग्रजी छोटा शब्दकोश न्या. फोटो काढायचा असेल तर आधी विचारा, दुर्मिळ पुस्तकांच्या बाबतीत तर नक्कीच. सरकारी सुट्ट्या बघून निघा. गोव्याच्या सुट्ट्या महाराष्ट्राच्या सुट्ट्यांशी जुळत नाहीत, आणि ३ डिसेंबरला सेंट झेवियरच्या फेस्ताच्या दिवशी सावंतवाडीहून उत्साहाने निघालात तर जुन्या गोव्याची गर्दी तेवढी बघून परत याल.